न पाहिलेल्या मोहोराची वही

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, चाळीस वर्षं ज्यांच्या डब्यातलं पान खाल्लं त्या मित्रांनाही नाही. तुम्हालाच का सांगतोय — ते मलाही नीटसं ठाऊक नाही. तुमचा चेहरा ऐकून घेणाऱ्यातला वाटतो, आणि आज माझी दुपारची झोपही उडाली आहे. एवढं कारण पुरे नाही का?

आधीच सांगून ठेवतो, हे रडगाणं नाही. त्या वर्षाइतका मी आयुष्यात कधी सुखात नव्हतो. आणि खरी अडचण तीच आहे. ज्या वर्षाची आठवण आली की अजून हसू फुटतं, त्याच वर्षात मी हे करून बसलो. हसू आलं की त्याच्या मागोमाग तेही येतं. वेगळं करून कसं सांगणार?

सन तिसाच्या पुढेमागे मी रत्नागिरीला ट्रेनिंग कॉलेजात होतो. कॉलेज म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. तसलं काही नाही. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा झालेली, एखाददुसरं वर्ष खेड्यातल्या शाळेत हात पोळून घेतलेली आम्ही तीसेक मुलं, आणि आम्हाला मास्तर बनवायचं म्हणून नेमलेले चार मास्तर. पण 'कॉलेज' हा शब्द घरी पत्रात लिहिताना मी नेहमी जरा मोठ्या अक्षरात काढायचो. दापोलीजवळच्या आमच्या गावातून हर्णैला चालत येऊन, बोटीत बसून रत्नागिरीला उतरलेला मी पहिलाच. मांडवीला बोटीवरून आणणाऱ्या पडावातून किनाऱ्यावर उडी मारली तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं आणि ट्रंक डोक्यावर होती. तरी वाटत होतं की विलायतेत पोचलो.

दिवस कसे जायचे म्हणून सांगू? सकाळी कवायत. मग क्लबात — आमच्या खाणावळीला आम्ही क्लब म्हणायचो — कुळथाचं पिठलं आणि भात. ज्याची पाळी असेल त्याने पिठलं ढवळायचं. माझ्या पाळीला त्यात हमखास गुठळ्या, आणि त्या गुठळ्यांना मुलांनी माझंच नाव दिलं होतं. मग वर्ग. संध्याकाळी मैदानावर आट्यापाट्या. अंधार पडून पाट्या दिसेनाशा होईपर्यंत आम्ही खेळत असू, आणि मग कोण बाद झालं यावरून क्लबात ताटावर बसूनही भांडत असू. रविवारी भाट्याच्या खाडीत पोहणं, नाहीतर मिरकरवाड्याच्या मासळीबंदरावर जाऊन होड्या लागताना बघत बसणं. आमच्यातले निम्मे जण मासे न खाणारे. पण तिथल्या बायका ज्या भाषेत एकमेकींचा उद्धार करायच्या ती ऐकायला सगळेच यायचे.

आणि काम? कामाला तोटा नव्हता. दिवाळीनंतरचं ते सत्र म्हणजे नुसती धांदल. आठवड्याला दोन सराव-पाठ घ्यायचे. प्रत्येक पाठाचं टाचण आदल्या दिवशी मास्तरांकडून सही करून आणायचं. महिन्यातून एकदा टीकापाठ, म्हणजे तुम्ही फळ्यापाशी उभे आणि मागे वहीपेन्सिल घेऊन बसलेले तीस वर्गमित्र तुमच्या चुका टिपून घेतायत. शिवाय तक्ते, नकाशे, मातीच्या प्रतिकृती, आणि वर संमेलनाच्या नाटकाच्या तालमी. नाटकात माझ्याकडे नायिकेच्या मावशीचं काम आलं होतं. मिशी काढायची की नाही यावर मी पंधरा दिवस विचार केला.

विचार करण्यात मी पटाईत होतो, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. काम मला नकोसं होतं असं नव्हे — काम करायच्या बेतानेच मला इतकं समाधान व्हायचं की प्रत्यक्ष काम करायची गरज उरायची नाही. सत्राच्या पहिल्या दिवशी मी वेळापत्रक आखलं. लाल शाईने रेघा, निळ्या शाईने विषय, कोपऱ्यात वेलबुट्टी. त्यात तीन दिवस गेले. ते वेळापत्रक खाटेच्या उशाशी लावल्यावर बघायला बाहेरच्या खोल्यांतली मुलं आली. पाळलं मात्र मी ते एकही दिवस नाही. टाक धुणं, पेन्सिलींना टोक काढणं, कंदिलाची काच राखेने लख्ख घासणं — ही सगळी तयारी झाली की आट्यापाट्यांची हाक यायची. मग म्हणायचं, उद्या. तुम्ही नाही कधी म्हटलंत?

असो. वळसे घालतोय खरा. अण्णांकडे येतो.

दामले अण्णा आम्हाला निसर्गाभ्यास शिकवत. पन्नाशी उलटलेली, पत्नी मागेच गेलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागलेला, आणि उजवा गुडघा कायमचा धरलेला. पण माणूस असा गोड की त्यांच्या तासाला मागच्या बाकावरचे पुढे येऊन बसत. त्यांनी त्या सत्रात प्रत्येकाला एकेक गोष्ट वाटून दिली. रोज तिच्याकडे जायचं, पाहायचं, आणि वहीत चार ओळी लिहायच्या. कुणाला वारा, कुणाला मुंग्यांचं वारूळ, कुणाला भरती-ओहोटी. मला त्यांनी थांबवून घेतलं आणि एकट्याला सांगितलं, "तुला माझं कलम देतो."

आंब्याचं कलम. माळनाक्याच्या पुढे, दीडेक मैल चढावर, कातळाच्या कडेला अण्णांची वडिलोपार्जित बाग होती. त्यात अगदी टोकाला, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या पलीकडे रान सुरू होतं तिथे, एक हापूस इतरांपासून जरा बाजूला उभा होता. अण्णांच्या मुंजीच्या वर्षी त्यांच्या वडिलांनी तो लावलेला. गुडघ्यामुळे अण्णांना तीन वर्षांत तिकडे जाता आलं नव्हतं. "गेल्या साली पुष्कळ धरला होता म्हणे," अण्णा म्हणाले. "यंदा बहुधा विसावा घेईल. पण तू बघ. मला तोंडी काही सांगू नकोस हं. सगळं वहीत लिही. परीक्षेआधी मी एकदम वाचीन, गोष्ट वाचावी तसं."

दुसऱ्याच दिवशी मी गेलो. हे माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे, म्हणून सांगून टाकतो.

बागेत गंगाराम भेटला. बागेचा राखणदार. साठीचा, काटक, कमरेला कोयता आणि हातात गोफण. त्याला अण्णांनी निरोप धाडून ठेवला होता, त्या कलमाची हकीकत तू मला कळवू नकोस, माझा विद्यार्थी लिहिणार आहे म्हणून. गंगारामला त्याची मोठी गंमत वाटली होती. आम्ही शिकाऊ, म्हणून तो मला 'धाकलं मास्तर' म्हणाला आणि ते नाव मला लगेच आवडलं. त्याने मला बाग फिरवून दाखवली. मालकाच्या वरताण मालकी होती त्याच्या बोलण्यात. "तीस वर्सं झाली," तो म्हणाला, "एक आंबा कुनी चोरलान नाय. वांदरांना पन माजा आवाज म्हायत हाय. मी निजतो तो एक डोळा उघडा ठेवून." आणि ही नुसती बढाई नव्हती. पुढे मी गावात ऐकलं, आजूबाजूचे बागायतदार आपल्या राखणदारांना गंगारामचं नाव घेऊन दम भरत. त्याच्यापाशी जमीन नव्हती, घर म्हणावं असं घर नव्हतं, पोरंबाळं नव्हती. हे नाव होतं.

मी कलमाच्या बुंध्याचा घेर मोजला, पानं मोजण्याचा प्रयत्न करून सोडून दिला, गंगारामने दिलेलं कोकमाचं सरबत प्यालो, आणि खोलीवर येऊन वहीचं पहिलं पान लिहिलं. सुरेख लिहिलं. वर कलमाचं चित्रही काढलं.

त्यानंतर मी तिथे फिरकलोच नाही.

दुसऱ्या दिवशी टाचण होतं. तिसऱ्या दिवशी आट्यापाट्यांचा सामना. मग पाय मुरगळला, तो बरा झाल्यावरही मी आठवडाभर मुरगळलेलाच ठेवला. मग तालमी. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. मधून मधून अण्णा वर्गातून बाहेर पडताना माझ्याकडे बघून भुवया उडवायचे — काय, चाललंय ना? — आणि मी मान हलवायचो. मान हलवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. संमेलन झालं. माझी मावशी गाजली. मिशी काढली नव्हती, पदराआड लपवली होती. दुसऱ्या अंकात पदर घसरला आणि लोक पाच मिनिटं हसत राहिले. त्या हशावर मी महिनाभर तरंगत होतो.

आणि मग चैत्र लागला. अण्णांनी सांगितलं, सोमवारी वह्या द्या.

शनिवारी सकाळी मी वही उघडली. एक पान भरलेलं, पुढे सगळं कोरं. साडेतीन महिने. आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी उठून जायचं होतं, एक फेरी मारून काय आहे ते बघायचं होतं. बरोबर आहे. पण दीड मैल चढ, आणि वेळ थोडा. शिवाय — हे मी अगदी मनापासून म्हणत होतो — जाऊन बघायचंय काय? मी कोकणातला. आंब्याखाली पाळण्यात झोपलेला. मोहोर कधी डोकावतो, कणी कधी धरते, वाटाण्याएवढी कैरी कधी, सुपारीएवढी कधी, दक्षिणेचा वारा सुटला की किती गळते, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? समुद्राकडे तोंड करून मी मांडवीच्या वाळूत एका उंडिणीच्या झाडाखाली बसलो, बरोबर तीन दौती आणि चार टाक घेतले, आणि लिहायला लागलो.

तेव्हा काय वाटलं ते सांगतो. ते सांगितलं नाही तर या सगळ्याला अर्थ नाही. मला लाज वाटली नाही. भीतीही नाही. इतका आनंद झाला, इतका, की मी मधेच उठून वाळूत दोन कोलांट्या मारल्या. सत्रभर जे हाताला लागत नव्हतं ते धो धो येत होतं. मी पौषातल्या धुक्यात त्या कलमाखाली उभा होतो. मोहोराचा वास येत होता. तुडतुड्यांची कीड पडेल की काय म्हणून मला काळजी लागली होती. माघात एक दिवस मला ताप आला आणि मी गेलो नाही. तशी नोंदही केली, 'आज प्रकृती बरी नसल्याने जाता आले नाही, मन तिकडेच होते' म्हणून. काय पण प्रामाणिकपणा. तिसऱ्या फांदीवर बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं. तीन अंडी. एक फुटलं, दोन पिल्लं उडाली. फाल्गुनात वारा सुटला आणि एकतीस कैऱ्या गळाल्या, त्या मी मोजल्या आणि गंगारामला दिल्या. उरलेले आंबे एकशे सत्त्याऐंशी. दर पाच-सात नोंदींनी शाई बदलत होतो, टाक बदलत होतो. एका पानावर चहाचा थेंब पाडला. रविवारी संध्याकाळी वही मिटली तेव्हा मला त्या झाडाची खरोखर माया लागली होती.

अण्णांनी ती वही मंगळवारी वर्गात आणली.

वाचायला लागले. स्वतःच, चष्मा कपाळावर ढकलून, वही नाकाजवळ धरून. बुलबुलाच्या पानापाशी थांबले, उपरण्याने डोळे पुसले, पुन्हा वाचायला लागले. शेवटी म्हणाले, "यंदा तो विसावा घेईल असं मला वाटलं होतं. लागोपाठ दोन वर्षं. माझ्या वडिलांच्या हाताचं झाड आहे ते." आणि लहान मुलासारखे हसले. मी खाली मान घालून बसलो होतो. सगळ्यांना तो विनय वाटला.

मग त्यांनी मला दगा दिला. म्हणजे, तेव्हा मला तो दगा वाटला. म्हणाले, "रविवारी सगळे बागेत जाऊ. मी बैलगाडीने येतो. आंबे उतरवण्याआधी झाडावर बघायचेत मला."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं. पण खरं सांगू? काही ठरवायचं सोडून मी तेही उद्यावर ढकललं. रविवारपर्यंत पाऊस पडेल. गाडीचं चाक मोडेल. अण्णांचा गुडघा दुखेल — होय, मी हेही मनात आणलं. आणि खरी धास्ती मला काय होती? झाडावर आंबे एकशे सत्त्याऐंशी नसतील, दीडशे असतील, दोनशे असतील, एवढीच. झाड रिकामं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलेला विसावा मी विसरलो होतो. आंब्याखाली पाळण्यात झोपलेला मी.

रविवारी आम्ही निघालो. गाडी पुढे, आम्ही मागे, कुणीतरी नाटकातली पदं म्हणतोय, कुणी मला मावशी म्हणून हाका मारतोय. ऊन चढलं होतं आणि सगळ्यांच्या अंगात खेळ होता. गंगारामने मोठ्या हंड्यात पन्हं करून ठेवलं होतं. आम्ही त्याच्या खोपीपुढे बसलो आणि अण्णांनी वही काढली. "ऐक, गंगाराम," म्हणाले आणि वाचायला लागले.

गंगाराम उकिडवा बसून ऐकत होता. पहिल्या पानाला त्याने मान डोलावली. दुसऱ्याला नाही. मोहोर आला तेव्हा त्याने हळूच माझ्याकडे पाहिलं. बुलबुल आले तेव्हा पुन्हा. एकतीस कैऱ्या मी त्याच्या ओच्यात टाकल्याचं अण्णांनी वाचलं आणि त्याने स्वतःच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. मी पन्ह्याचा पेला तोंडाला लावून बसलो होतो. पेला केव्हाच संपला होता.

मग अण्णा उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवून, लंगडत, गडग्यापर्यंत चालत आले. आणि समोर ते कलम — हिरवंगार, जून पानांनी भरलेलं, उन्हात चकाकणारं. त्यावर एकही आंबा नव्हता. नीट पाहणाऱ्याला मोहोराची वाळकी काडीसुद्धा दिसली नसती. पण अण्णांचे डोळे तसे पाहणारे राहिले नव्हते.

"गंगाराम," अण्णा म्हणाले, "याचे आंबे?"

मी बोलायला हवं होतं. ती जागा, ती वेळ — दुसरी कुठली असणार होती? तीस मुलं मागे उभी, अण्णांचा हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात माझी वही. गंगारामने अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली बघून म्हणाला, "वांदरांनी नेलं, अण्णा. रानातनं टोळीच उतरली परवा. दुपारची येळ. माजा जरा डोळा लागला."

क्षणभर कुणाला कळेना. मग मागून कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच. एक डोळा उघडा ठेवून झोपणारा गंगाराम, आणि त्याच्या नाकासमोरून वानरांनी आख्खं झाड धुऊन नेलं. तरुण पोरं ती. हसणारच. गंगारामही त्यांच्याबरोबर हसला. अण्णा मात्र हसले नाहीत. "तुझा डोळा लागला?" एवढंच म्हणाले, आणि त्यांनी माझी पाठ थोपटली. माझी. "वाईट वाटून घेऊ नकोस हो," मला म्हणाले, "इतके दिवस तू राखलंस ते."

गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. भित्रा म्हणून तुम्ही मला सोडून दिलं असतंत. पण मी गप्प राहिलो नाही. मी उसासा टाकला. नाटकातली मावशी टाकायची तसा. आणि म्हणालो, "एकशे सत्त्याऐंशी होते हो, अण्णा."

हेच ते. याच्याभोवतीच मी मघापासून फिरतोय.

आमच्यातल्या दोघाचौघांना तरी संशय आला असणार. सगळे कोकणातलेच. पण त्यांच्या वह्या तरी कुठे खऱ्या होत्या? वाऱ्याची नोंद ठेवणाऱ्याने सत्रभर वारा खोलीच्या खिडकीतून पाहिला होता, आणि ती खिडकी भिंतीकडे उघडायची. कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही. दुपारी फणसाची भाजी, भात आणि पापड असं जेवण झालं. गंगारामने इतर कलमांचे दोन-चार पाडाचे आंबे शोधून आणून अण्णांपुढे ठेवले. पोरं त्याला विचारत होती, वानरांनी निदान घोंगडी तरी पांघरली का? तो हसून त्यांना आणखी वाढत होता.

निघताना मी मागे रेंगाळलो. तो हंडा घासत होता. मान वर न करता म्हणाला, "त्या बुलबुलाचं बेस लिवलात, धाकलं मास्तर."  मग म्हणाला, "यंदा त्या कलमानं नुसती पालवी धरलान. मोहोर नाय. तांबडी लालबुंद पालवी होती माघात. तुमी आला असतात तर बगण्यासारकी होती."

मी खाली बसलो. माफी मागितली का, ते आठवत नाही. मागितली असती तर आठवली असती.

"अण्णांचं तोंड बगितलात ना वाचताना? वैनी गेल्यापासनं येवढं फुललेलं मी बगितलं नाय. म्हनून बोललो." त्याने हंडा उपडा घातला. "तुमीच सांगा त्यांना. माज्या तोंडानं नको. सवडीनं सांगा, घाई नाय."

"उद्याच सांगतो," मी म्हणालो.

उद्या टाचण होतं. मग परीक्षा होती. परीक्षेत वर्गात दुसरा आलो, निसर्गाभ्यासात पहिला. निरोपाच्या दिवशी अण्णांच्या पाया पडलो तेव्हा त्यांनी ती वही मला परत दिली नाही. "ही माझ्याकडे राहू दे," म्हणाले. आता कसं सांगणार, असं मी म्हटलं, आणि ते मला पटलंही. मग बोट आली, आणि बोटीवरून उतरल्यावर मी मास्तर झालो होतो. दापोली तालुक्यातली समुद्राकाठची एक शाळा, चौथीपर्यंतचे वर्ग, समोर सुरूचं बन. मुलं माझ्यावर खूश होती. मी चांगला मास्तर झालो, हे मात्र खरं सांगतो. मुलांना घेऊन मी रोज झाडं पाहायला जायचो, आणि न पाहता लिहिलेली एकही ओळ मी कधी खपवून घेतली नाही. त्याने काही फिटतं, असं मी म्हणत नाही.

अण्णांना पत्र लिहायचं मी दर रविवारी ठरवत होतो. गणपती गेले, दिवाळी गेली. लिहायचं काय ते तोंडपाठ होतं.

पुढच्या चैत्रात अण्णांचंच कार्ड आलं. अक्षर मोठं आणि तिरकं झालं होतं. चिरंजीव केशवास अनेक उत्तम आशीर्वाद. आपलं कलम — 'आपलं' असं लिहिलं होतं — यंदा असं लगडलं आहे की टेकू द्यावे लागले. लागोपाठ तिसरं वर्ष, असा हापूस उभ्या रत्नागिरीत नसेल. गेल्या वर्षीसारखं होऊ नये म्हणून राखणीला दुसरा तरुण माणूस ठेवला आहे. गंगारामला घरी बसायला सांगितलं. त्याला पोटापुरतं पाठवतो. काम मात्र आता नको. तो गोफण ठेवून गेला. वयाने झोप येते, त्यात त्याचा दोष नाही, पण तीस वर्षं कामावर असलेला माणूस, मनाला लागलं. मी केलं ते बरोबर केलं ना, तुला काय वाटतं? तू ते झाड रोज पाहिलेलं आहेस.

त्यांनी विचारलं होतं. सरळ, मलाच. एका कार्डात मावण्यासारखं उत्तर होतं.

आलेल्या पत्राला मी आयुष्यात कधी वेळेवर उत्तर दिलेलं नाही. त्या कार्डाला मात्र त्याच दुपारी दिलं, शाळा सुटायच्या आत, टपाल घेऊन हरकारा निघायच्या आधी पडावं म्हणून. लिहिलं — तीर्थस्वरूप अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार. आपण केलेत ते योग्यच केलेत. गंगाराम थकला आहे, हे गेल्या वर्षी मीही पाहिले होते.